डागाळलेला ड्राय रॉक टँकमध्ये टाकण्याआधी : सोलापूरचं पाणी आणि ऊन धरून केलेली सफाई

ड्राय रॉक म्हणजे मरीन टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत, ठेवायचा कोरडा सच्छिद्र दगड; त्याच्या छिद्रांत पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू राहतात. बंद केलेल्या मरीन टँकमधला, वजनावर विकत घेतलेला किंवा गच्चीच्या कोपऱ्यात वर्ष-दोन वर्षं पडून राहिलेला ड्राय रॉक पांढरा कधीच नसतो. कुठे हिरवट, कुठे चहाच्या गाळासारखा तपकिरी, खाचांमध्ये काळा, मधूनच एखादा नारिंगी ओघळ. असा दगड पाहिला की बहुतेकांचा हात आधी ॲसिडच्या बाटलीकडे जातो, आणि निम्मा घोळ तिथेच होतो. प्रत्येक डाग वेगळ्या पदार्थाचा असतो, म्हणून त्याला उतरवणारं रसायनही वेगळं असतं. शिवाय माशांना आणि प्रवाळांना त्रास रंगाचा होत नाही, दगडाच्या छिद्रांत मुरलेल्या घाणीचा होतो. डाग ओळखायचा, आतली घाण काढायची, आणि मग जो रंग उरेल तो उरू द्यायचा. काम या क्रमानंच करावं.

दगड कामाचा आहे का?

ड्राय रॉक बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याचा असतो. दगडाच्या कोरड्या भागावर पांढऱ्या व्हिनेगरचे चार थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर दगड चुन्याचा आहे. आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, फसफसत नाही. तो घट्ट असतो, त्यात लोह असतं आणि जिवाणूंना राहायला जागा जवळजवळ नसते. शहाबादी फरशीचे तुकडे मात्र फसफसतात, कारण ती फरशीही चुनखडीच आहे. पण तिलाही छिद्रं नाहीत, त्यामुळे टँकमध्ये ती नुसतं वजन वाढवते. दगडावर पाण्याची धार सोडल्यावर पाणी ओघळून न जाता आत शोषलं गेलं, तर दगड सच्छिद्र आहे असं समजा.

आणखी एक गोष्ट खरेदीआधीच पाहायची. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश आहे. सहलीला गेल्यावर किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा तुकडा मेलेला असला तरी तो घरी आणणं गुन्हा ठरतो. मानवनिर्मित सिमेंट-अरॅगोनाइटचा किंवा सिरॅमिकचा रॉक बिलासह घ्या. जुना दगड घेताना तो कुठून आला हे विचारा, आणि विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर तो सोडून द्या.

डाग कशाचा आहे ते थेंबांनी ठरवा

नखाएवढा डाग असलेले तीन तुकडे किंवा एकाच दगडावरच्या तीन जागा निवडा. ड्रॉपरनं एका जागी सोडियम हायपोक्लोराइट (द्रव ब्लीच), दुसऱ्या जागी मेडिकलमध्ये मिळणारं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि तिसऱ्या जागी व्हिनेगर टाका. जागा एकमेकींपासून लांब ठेवा, म्हणजे हायपोक्लोराइट आणि व्हिनेगर एकत्र येणार नाहीत. दहा मिनिटं थांबा.

हायपोक्लोराइटनं हिरवा-तपकिरी रंग फिका पडला आणि पेरॉक्साइडला फेस आला, तर डाग सेंद्रिय आहे. शेवाळ, वाळलेले स्पंज, कुजलेले जीव, यांपैकी काहीतरी. बहुतेक डाग याच जातीचे असतात आणि ते निघतात.

नारिंगी किंवा विटकरी डागावर हायपोक्लोराइटचा परिणाम होत नाही, कधीकधी तो उलट गडद होतो. हा गंज आहे. त्या जागी लोहचुंबक फिरवा. दगडात गळाचा तुकडा, स्क्रू किंवा जाळीची तार अडकलेली सापडते. ती छिन्नीनं दगडासकट उडवायची, वरवर घासून भागत नाही.

काळा डाग दोन प्रकारचा असतो. ओला केल्यावर सडक्या अंड्याचा वास आला तर आत हवेविना कुजलेला माल आहे. तो हायपोक्लोराइटनं जातो, पण वेळ घेतो. वास नाही, चुंबक लागत नाही आणि थेंबांनी काही फरक पडत नाही, तर तो दगडाच्या अंगचाच खनिजाचा रंग समजा. खाणीतून काढलेल्या चुनखडीच्या खाचांमध्ये लालसर माती बसलेली असते, तिचंही तसंच. ब्रशनं जेवढी निघेल तेवढी काढा आणि पुढे चला.

जांभळट-गुलाबी पापुद्रा म्हणजे कोरलाइन शेवाळ. ते मेलं की पांढरं पडतं आणि तेही चुन्याचंच असतं, त्याला काही करू नका.

निळसर-हिरवा, मोरचुदासारखा थर दिसला तर मात्र हात आखडता घ्या. तांब्याची किंवा पितळेची वस्तू दगडाला लागून राहिलेली असू शकते. तांबं छिद्रांत शिरलं की धुऊन निघत नाही, आणि कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांना त्याचा अंशही सोसत नाही. असा दगड शोभेच्या कुंडीत ठेवा, टँकमध्ये नको.

सामान

पुढची मापं साधारण २० किलो दगडासाठी आहेत. १०० लिटरचे दोन प्लॅस्टिक ड्रम लागतील. सोलापुरात निळे ड्रम स्वस्तात आणि भरपूर मिळतात, पण त्यातले बरेच रंग-प्रक्रियेच्या कामातून आलेले असतात. कापडाच्या काही रंगांमध्ये तांबं आणि इतर जड धातू असतात, आणि ड्रमच्या आतल्या भिंतीत ते मुरतात. ड्रम नवा घ्या किंवा खाद्यतेलाचा घेऊन साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा.

सोबत दोन छोटे पॉवरहेड (टँकमधलं पाणी फिरवणारे पंप) किंवा पाण्यात बुडणारे पंप घ्या, पण ते नंतर टँकला वापरायचे नाहीत. नायलॉनचा कडक ब्रश, जुना टूथब्रश, छिन्नी, रबरी लांब हातमोजे, डोळे पूर्ण झाकणारा गॉगल आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस पेन हवाच. तारेचा ब्रश आणू नका. त्याच्या तुटलेल्या काड्या छिद्रांत अडकतात आणि महिन्याभरात नवे गंजाचे डाग पडतात.

रसायनाच्या दुकानात नुसतं ‘हायपो’ मागू नका. आपल्याकडे सोडियम हायपोक्लोराइटलाही हायपो म्हणतात आणि सोडियम थायोसल्फेटलाही. पहिलं क्लोरीन सोडतं, दुसरं क्लोरीन मारतं. दोन्ही लागणार आहेत, म्हणून पूर्ण नाव सांगा. हायपोक्लोराइट १० टक्क्यांच्या आसपासचं, सुगंध न घातलेलं आणि साबण किंवा घट्टपणा आणणारं काही न मिसळलेलं हवं. उन्हात तापलेल्या कॅनमधलं घेऊ नका, उष्णतेनं त्याची ताकद झपाट्यानं उतरते. ब्लिचिंग पावडर टाळा. तिच्यातला न विरघळणारा चुना दगडाच्या छिद्रांत गच्च बसतो.

टॉवेलच्या प्रोसेसिंगला वापरतात ते ५० टक्क्यांचं पेरॉक्साइड शहरात सहज मिळतं, पण घरात आणू नये. त्याचा एक थेंब कातडीवर पांढरा चट्टा उठवतो. ६ टक्क्यांचं पुरतं.

पाण्याचं गणित आधी मांडा

या सगळ्या कामाला ॲसिडची पायरी धरून सुमारे ७०० लिटर पाणी जातं, ती सोडली तर साधारण साडेपाचशे. नळाला रोज पाणी येत नसेल तर पाण्याच्या दिवसाशी काम जुळवून घ्या, नाहीतर हायपोक्लोराइटमधला दगड धुवायला पाणीच नाही अशी वेळ येते. पहिल्या धुण्याला बोअरचं पाणी चालतं. घरच्या आरओतून वाया जाणारं पाणीही इथे कामी येतं, आठवडाभर साठवून ठेवा. शेवटच्या दोन पाण्यांना मात्र खरं आरओ हवं, म्हणजे टीडीएस १० च्या आत. घरगुती आरओमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तो पूर्ण बंद करून पेननं मोजा. विकतच्या २० लिटरच्या जारवर मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

घासणं

दगड आधी भिजवा, मग घासा. कोरडा दगड कधीही घासायचा नाही, आणि दगड उकळायचा तर मुळीच नाही. जुन्या रॉकवर पॅलिथोआ जातीचे जीव वाढलेले असतील तर त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत तीव्र विष असतं. दगड उकळताना निघालेल्या वाफेतून अख्ख्या कुटुंबाला विषबाधा झाल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. स्वयंपाकघरात, कुकरमध्ये, ओव्हनमध्ये दगड नेऊ नका.

वाळलेली शिंपली, नळ्या, स्पंज छिन्नीनं काढा. खाचांत टूथब्रश फिरवा. मग दगड बादलीत बुडवून जोरात हिसळा. पाणी गढूळ व्हायचं थांबेपर्यंत हे करा, साधारण तीन-चार बादल्या. इथे जेवढी घाण हातानं निघेल, तेवढं पुढचं रसायन कमी लागतं.

हायपोक्लोराइटची अंघोळ

ड्रम गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणात, पण सावलीत ठेवा. उन्हात क्लोरीन काही तासांतच उडून जातं. ६० लिटर पाण्यात १० टक्क्यांचं ३ लिटर हायपोक्लोराइट घाला. घरगुती ५ टक्क्यांचं असेल तर ६ लिटर. दगड पूर्ण बुडवा, पंप चालू करा आणि ड्रमवर सैल झाकण ठेवा. पंप आवश्यक आहे, स्थिर पाण्यात छिद्रांच्या आतलं द्रावण बदलतच नाही.

पहिल्या दोन तासांत पाणी पिवळट-तपकिरी होतं आणि वर फेस येतो. २४ तासांनी दगड पालथे करा. दुसऱ्या दिवशी क्लोरीनचा वास जवळपास गेलेला असेल आणि दगड अजून डागाळलेलाच असेल, तर घाण जास्त होती आणि क्लोरीन संपलं. सगळं ओतून ताजं द्रावण करा. वास टिकून असेल आणि रंग उतरत असेल तर ४८ ते ७२ तासांत काम होतं. चौथ्या दिवशी उरलेला डाग सेंद्रिय नसतो, त्यासाठी आणखी हायपोक्लोराइट घालण्यात अर्थ नाही.

वापरलेलं द्रावण उन्हात उघडं ठेवून एक-दोन दिवसांनी टाका. त्यात दुसरं कुठलंही क्लीनर, ॲसिड किंवा फिनेल पडता कामा नये.

मग तीन वेळा ताज्या पाण्यात, दर वेळी काही तास, दगड भिजवा. चौथ्या पाण्यात, म्हणजे ६० लिटरमध्ये, १५ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट विरघळवून रात्रभर पंप चालू ठेवा. ते पाणी टाका, पुन्हा साधं पाणी भरा आणि दुसऱ्या दिवशी क्लोरीन तपासा. त्यासाठी गावागावांत पिण्याच्या पाण्यासाठी जी ओटी टेस्ट करतात तीच चालते. पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे, केशरी आली तर भरपूर आहे. नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतं, म्हणून ड्रमच्या नमुन्याशेजारी साध्या नळाच्या पाण्याचा नमुना ठेवून तुलना करा. थायोसल्फेट घातलेल्या पाण्यातच तपासलं तर दगड स्वच्छ नसतानाही निकाल ‘नाही’ येतो.

नंतर दगड उन्हात वाळवा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो तेव्हा गच्चीवर चार दिवस पुरतात. पावसाळ्यात दहा-बारा दिवस धरा. वरून जुनी मच्छरदाणी टाका. कबुतराच्या विष्ठेत शेवाळाचं खाद्य असलेलं फॉस्फेट भरपूर असतं, आणि एवढी मेहनत तिथेच वाया जाते.

ॲसिड, लागलंच तर

प्रत्येक दगडाला ॲसिड लागत नाही. सेंद्रिय डाग गेले आणि फॉस्फेट (मोजायची रीत पुढे दिली आहे) कमी निघालं तर ही पायरी सोडून द्या, दगडाचं बारीक पोत शाबूत राहतं. ॲसिड हवं ते तीन कारणांसाठी: गंजाचा ओघळ, छिद्रं बुजवणारा कडक चुन्याचा थर, आणि दगडाच्या वरच्या थरात बसलेलं फॉस्फेट. ॲसिड दगडाचं वरचं अंगच विरघळवतं, त्याबरोबर हे सगळं जातं.

ते किती दगड खातं हे आधी कळलेलं बरं. ३० टक्क्यांचं १ लिटर हायड्रोक्लोरिक ॲसिड सुमारे ४७० ग्रॅम दगड विरघळवतं आणि त्यातून शंभर लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या मानानं ५ टक्क्यांचं १ लिटर व्हिनेगर जेमतेम ४० ग्रॅम दगड खातं, म्हणून व्हिनेगरनं वीस किलोचा ढीग साफ होत नाही. एखाद्या छोट्या तुकड्याला ते ठीक.

२० किलोसाठी २ लिटर ॲसिड पुरे, दगड सुमारे एक किलोनं घटेल. दुकानात स्वच्छ, रंगहीन ॲसिड मागा. फरशीसाठी मिळणाऱ्या पिवळ्या ॲसिडचा पिवळेपणा बहुधा लोहाचा असतो, आणि आपण लोहच काढायला निघालो आहोत.

जागा उघडी हवी. बाथरूम, जिना, तळघर नको, कार्बन डायऑक्साइड जड असल्यानं खाली साठतो. शहाबादी फरशीवर ड्रम ठेवू नका. एक ओघळ आला तरी फरशी फसफसून खरबरीत होते आणि तो चट्टा जात नाही. खाली जाड प्लॅस्टिक अंथरा. पाण्याची मोटर, सायकल, लोखंडी खिडकी जवळ नको, ॲसिडच्या वाफेनं ती आठ दिवसांत गंजते.

ड्रममध्ये ४० लिटर पाणी घ्या आणि त्यात ॲसिड हळूहळू ओता. ॲसिडमध्ये पाणी कधीच ओतायचं नाही. मग दगड एकेक करून, प्लॅस्टिकच्या जाळीत धरून सोडा. सगळे एकदम टाकले तर फेस कडेवरून वाहतो. ड्रम दोन तृतीयांशाच्या वर भरलेला नको. फसफसणं पंधरा मिनिटं ते अर्धा तास चालतं आणि मंदावतं. दगड फिरवत राहा, म्हणजे वर तोंड असलेल्या खळग्यांत वायू अडकून तो भाग कोरडा राहत नाही.

क्लोरीनचा जरासाही वास आला तर ताबडतोब वारा जिकडून येतो त्या बाजूला सरका. दगडात हायपोक्लोराइट शिल्लक होतं आणि ॲसिडनं त्याचा विषारी वायू झाला, असा त्याचा अर्थ. पाणी दुधाळ होऊन जळक्या गंधकाचा वास आला तर थायोसल्फेट नीट धुतलं गेलं नाही. दोन्ही चुका आधीच्या धुण्यातल्या असतात. त्या टाळायच्या म्हणूनच मधलं धुणं आणि वाळवणं सोडू नका.

फसफसणं थांबल्यावर मूठमूठ धुण्याचा सोडा घालत जा, बुडबुडे यायचे थांबले की ते पाणी टाकण्याजोगं झालं. तरी ते तुळशीत किंवा झाडांना घालू नका, त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं आणि त्यानं मुळं जळतात. दगड ४० लिटर पाण्यात २०० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून तासभर ठेवा आणि मग दोनदा धुवा. सुटलेला पांढरा भुगा ब्रशनं काढा.

गंजासाठी कुणी ऑक्झॅलिक ॲसिड सुचवतं. लोखंडावर ते चांगलं, पण चुन्याच्या दगडावर त्यानं कॅल्शियम ऑक्झॅलेटचा न विरघळणारा पापुद्रा बसतो, शिवाय ते विषारी आहे. किराणा दुकानातलं लिंबूफूलही जास्त वेळ ठेवलं तर असाच पांढरा थर सोडतं.

फॉस्फेट

दिसायला पांढरा झालेला दगड इथे नापास होतो. फॉस्फेट चुन्याला धरून बसतं आणि स्वच्छ पाण्यात हळूहळू सुटत राहतं. आरओ पाण्यात पंप लावून दगड एक आठवडा ठेवा, मग फॉस्फेट मोजा. लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर पुढे जा. वर असेल तर पाणी बदला आणि आणखी एक आठवडा थांबा. दोन-तीन फेऱ्यांनंतरही आकडा हलत नसेल तर लँथॅनम क्लोराइड वापरा, पण याच ड्रममध्ये, मासे नसताना. त्यानं पाणी धुरकट होतं. साका बसला की तो मोज्यासारख्या पिशवीच्या फिल्टरनं गाळून टाका.

खाऱ्या पाण्यात मुरवणं

आता लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम मरीन मीठ घालून १.०२५ घनतेचं पाणी करा. जिवाणूंसाठी बाटलीतलं कल्चर किंवा चालू टँकमधली मूठभर वाळू टाका. त्यांना खाद्य म्हणून ६० लिटरला साधारण ०.४ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड द्या, म्हणजे अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास जातो. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर, पण कल्हईवाल्याकडचा नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. घातलेला अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि त्यापासून जिवाणू बनवतात ते नायट्राइटही शून्य दिसलं की दगड तयार. चार ते सहा आठवडे धरून चाला.

उन्हाळ्यात ड्रम घराच्या सर्वांत थंड खोलीत ठेवा. आपली हवा कोरडी असल्यानं पाणी भराभर उडतं आणि खारटपणा चढतो. दिवसाआड आरओचं पाणी घालून खुणेपर्यंत भरा, खारं पाणी नाही. वीज चार-पाच तास जात असेल तर बॅटरीवरचा एअर पंप जोडून ठेवा. पंप बंद पडलेल्या ड्रममध्ये जिवाणूंचा प्राणवायू संपतो, आणि सडक्या अंड्याचा वास पुन्हा सुरू होतो.

टँकमध्ये गेल्यावर पुन्हा रंग आला तर

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्याशुभ्र दगडावर तपकिरी धूळ बसते. जुना डाग परत आला असं वाटून दगड बाहेर काढू नका. बोटानं पुसून पाहा. पुसलं गेलं तर ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ आहेत, पाण्यातल्या सिलिकेटवर वाढतात आणि सिलिकेट संपलं की आपोआप ओसरतात. ते दीड-दोन महिन्यांनीही टिकून राहिले तर आरओचा मेम्ब्रेन तपासा.

लांब हिरव्या केसांसारखं शेवाळ आलं तर ते फॉस्फेटचं लक्षण आहे. तेव्हा दगडाजवळचं नव्हे, फॉस्फेट शोषणारं माध्यम भरलेल्या नळकांड्यातून (रिॲक्टरमधून) बाहेर येणारं पाणी मोजा. ते शून्याजवळ आणि टँकचं वर असेल तर दगड अजून सोडतो आहे. माध्यम दर दोन आठवड्यांनी बदलत राहा.

आणि नारिंगी ठिपका एकाच जागी, बोटानं न पुसला जाणारा, दर आठवड्याला थोडा पसरणारा दिसला, तर आत लोखंडाचा तुकडा राहिला आहे. तो एक दगड बाहेर काढा, चुंबकानं जागा शोधा आणि छिन्नीनं तेवढा भाग उडवा.